मेंढपाळ, मेंढरू आणि शत्रूंसमोरचे पान

१

बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतले तेविसावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. ख्रिस्ती घरांत ते लहान मुलांकडून पाठ करून घेतात, आजारी माणसाच्या उशाशी म्हणतात आणि मूठमाती देतानाही म्हणतात. देव आपली काळजी वाहतो, म्हणून भिण्याचे कारण नाही, असा त्याचा सर्वपरिचित आशय आहे. अशा स्तोत्राची चर्चा दलित साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. तो योग्यच आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले. त्यानंतरच्या दशकांत त्या परिसरातील महार-मांगांच्या अनेक वस्त्या ख्रिस्ती झाल्या. ज्यांना वेद ऐकण्याची बंदी होती, त्यांच्या हातात मराठीत छापलेला एक धर्मग्रंथ पडला आणि त्यातली ही गाणी त्यांच्या तोंडी बसली. त्याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात १८५५ साली जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. ब्राह्मणांचा धर्म आमचा नव्हे, मग आमचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले होते. त्या प्रश्नाची जी उत्तरे आपल्या लोकांनी पुढे शोधली, त्यांत हेही एक उत्तर होते. ते कितपत पुरे पडले हे तपासायचे असेल, तर आधी ते नीट वाचले पाहिजे.

दुसरे उत्तर समीक्षेचे आहे. या स्तोत्राविषयी दोन मते चालत आलेली आहेत. चर्चमधला उपदेशक म्हणतो, हे सांत्वनाचे गीत आहे, ऐका आणि शांत व्हा. आपला कार्यकर्ता म्हणतो, सांत्वन म्हणजेच गुंगी. मेंढरू होऊन देवामागे चालणारा माणूस उद्या जमीनदारामागेही चालेल. दोघांचा निष्कर्ष उलटा असला तरी वाचन एकच आहे. हे हिरव्या कुरणाचे, संथ पाण्याचे मऊ गीत आहे हे दोघांनाही मान्य आहे. माझे म्हणणे असे की हे दोघेही स्तोत्र पाचव्या वचनापर्यंत वाचतच नाहीत. ते तिथवर वाचले, तर त्यातला विश्वास कशावरचा आहे आणि त्यातले सांत्वन कोणत्या जखमेवरचे आहे हे निराळेच दिसू लागते.

२

प्रथम मेंढपाळाचा विचार करू. आपल्याकडे मेंढपाळ म्हटले की धनगर आठवतो. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारा, खांद्यावर घोंगडी टाकलेला, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवणारा हा माणूस गरीब आहे. त्यामुळे देवाला मेंढपाळ म्हणणे ही आपल्याला साधी, घरगुती उपमा वाटते. ज्या जगात हे स्तोत्र रचले गेले, त्या जगात तसे नव्हते. तिथे मेंढपाळ ही राजाची पदवी होती. बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या प्रसिद्ध कायदेसंहितेच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतले आहे. इजिप्तच्या राजाच्या हातात राजचिन्ह म्हणून मेंढपाळाची आकडी दिसते. राजा पाळणार आणि प्रजा पाळली जाणार, राजा हाकणार आणि प्रजा चालणार, अशी ती राज्यकल्पना होती.

या संदर्भात स्तोत्राचे पहिले वाक्य पुन्हा ऐकावे. बोलणारा माणूस यहोवाला आपला मेंढपाळ म्हणतो आणि म्हणून आपल्याला काही उणे पडणार नाही असे सांगतो. मेंढपाळ म्हणवून घेणारा राजा समोर असताना, माझा मेंढपाळ दुसराच आहे, असे म्हणणे हा नुसता भक्तिभाव नाही. तो मालकी नाकारण्याचा प्रकार आहे. जुन्या करारातील दुसऱ्या एका ठिकाणाने या वाचनाला बळ मिळते. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायात इस्राएलच्या राज्यकर्त्यांना मेंढपाळ म्हणूनच झोडपले आहे. ते स्वतःचेच पोट भरतात, लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरे कापतात आणि दुबळ्यांना वाऱ्यावर सोडतात, असा त्यांच्यावरचा आरोप आहे. म्हणून देव त्यांच्या हातातून कळप काढून घेईल, असे तिथे बजावले आहे. म्हणजे ही उपमा वापरणाऱ्यांना तिच्यातला धोका ठाऊक होता. मेंढपाळ लोकर कातरतो आणि मेंढरू कापतोही, हे त्यांना आपण सांगायला नको.

स्तोत्राच्या मथळ्यावर दावीद राजाचे नाव आहे. ते त्यानेच रचले की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र परंपरेने दाविदाला जोडलेली एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. पोरवयात मेंढरे राखणारा दावीद पुढे राजा झाला, त्याने उरिया नावाच्या आपल्याच सैनिकाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले. तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एक कथा सांगितली. एका गरिबाची एकुलती एक कोकरी होती, त्याच्या ताटात जेवणारी आणि त्याच्या कुशीत निजणारी. गावच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची तीच कोकरी ओढून नेली आणि कापली. दावीद संतापला, आणि तो श्रीमंत म्हणजे तूच, असे नाथानाने त्याला तोंडावर सांगितले. राजाला असे सांगणारा माणूस जिच्यात आहे, त्या परंपरेत मेंढपाळाची उपमा भाबडी असू शकत नाही.

तरीही मेंढराचा प्रश्न उरतोच. आपल्या चळवळीत शेळ्यामेंढ्यांचे नाव निघते ते निंदेसाठी. मुकाट हाकले जाणारे, बळी दिले जाणारे ते मेंढरू. ज्याला शतकानुशतके जनावराच्या पायरीवर ठेवले, त्याने स्वतःला पुन्हा मेंढरू म्हणवून घ्यावे का? हा आक्षेप मला खरा वाटतो. त्याचे उत्तर स्तोत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शोधावे लागते, कारण तिथे मेंढरू उरतच नाही.

३

पहिल्या तीन वचनांत देवाविषयी ‘तो’ या सर्वनामाने बोलणे चालले आहे. तो कुरणात बसवतो, तो पाण्याजवळ नेतो, तो जीव परत आणतो. मूळ हिब्रूत इथे ‘नेफेश’ हा शब्द आहे. त्याचे भाषांतर पुष्कळदा ‘आत्मा’ असे होते आणि मग सगळे बोलणे आध्यात्मिक होऊन बसते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र गळा, श्वास, जीव असा शारीर आहे. तहानेने घसा कोरडा पडलेल्या माणसाला पाणी मिळते, तेव्हा आपण म्हणतो, जिवात जीव आला. स्तोत्रातला अनुभव नेमका हाच आहे. पाण्याच्या बाबतीत आत्म्याची भाषा करणे, ज्याच्या घशाला कधी कोरड पडली नाही त्यालाच परवडते.

चौथ्या वचनात रस्ता दरीत उतरतो. मराठी ख्रिस्ती लोकांना ‘मृत्युछाया’ हा शब्द परिचित आहे. हिब्रूतल्या ‘त्सलमावेत’ या शब्दाची फोड ग्रीक भाषांतरकारांनी ‘मृत्यूची सावली’ अशी केली आणि तीच पुढे रूढ झाली. आजचे अनेक अभ्यासक त्याचा अर्थ ‘गडद अंधार’ एवढाच घेतात. हा फरक शब्दापुरता नाही. मृत्यूची सावली म्हटले की स्तोत्र अंत्यविधीचे होते आणि त्यातला दिलासा मरणानंतरचा होतो. गडद अंधार म्हटले की ती दरी जिवंत माणसाच्या वाटेवरची ठरते. रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीवर चालून येणाऱ्यांच्या पावलांचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला हा अंधार समजावून सांगावा लागत नाही. दरी नाही, अंधार नाही, असे स्तोत्र कुठेही म्हणत नाही. त्यातून चालताना मी भिणार नाही, एवढेच ते म्हणते.

आणि इथेच, जवळजवळ स्तोत्राच्या मध्यावर, सर्वनाम बदलते. ‘तो’चा ‘तू’ होतो. कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात शिरल्यावर देवाशी बोलू लागतो. तू माझ्याजवळ आहेस, एवढेच त्याचे म्हणणे. हिब्रूत हे जेमतेम तीन शब्दांचे वाक्य आहे. सुखात तृतीय पुरुष आणि संकटात द्वितीय पुरुष, ही रचना कवीने जाणून केली असो वा नसो, अनुभवाशी ती इमानी आहे. मेंढपाळाच्या हातात दोन वस्तू आहेत: श्वापदाला मारण्याचा सोटा आणि टेकण्याची काठी. म्हणजे इथला धीर नुसत्या गोड शब्दांचा नाही. सोबत करणाऱ्याच्या हातात सोटा आहे, म्हणून धीर आहे. सांत्वनाची ही व्याख्या आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. ज्याच्या हातात काही नाही आणि ज्याला आपल्यासोबत दरीत उतरायचेही नाही, त्याच्या सांत्वनाला किंमत नसते.

४

आता या स्तोत्राच्या शब्दसंपत्तीकडे पाहू. ती आली कोठून? निर्गम हा बायबलमधला दुसरा ग्रंथ. इजिप्तमध्ये वेठीवर विटा पाडणारे इस्राएली गुलाम तिथून बाहेर कसे पडले, याची ती कथा आहे. समुद्र ओलांडल्यावर त्यांनी गायिलेले गीत पंधराव्या अध्यायात येते. त्या गीतातल्या तेराव्या वचनात, देवाने आपल्या लोकांना ‘हेसेद’ने म्हणजे वचनाला जागणाऱ्या प्रेमाने कसे वाट दाखवून नेले, हे सांगताना नेण्याची दोन क्रियापदे येतात आणि मुक्कामाच्या कुरणाचा शब्द येतो. तीच दोन क्रियापदे, तोच कुरणाचा शब्द आणि तोच ‘हेसेद’ तेविसाव्या स्तोत्रात आहे. काही उणे पडले नाही, हे क्रियापद अनुवाद या ग्रंथात रानातल्या चाळीस वर्षांच्या भटकंतीविषयी वापरलेले आहे. देवाला रानात पान मांडता येईल काय, असा त्या भटकंतीतल्या लोकांचा प्रश्न अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात नोंदलेला आहे, आणि तेविसावे स्तोत्र जणू त्याचे उत्तर देते.

शेवटच्या वचनातले क्रियापद तर थक्क करणारे आहे. भलाई आणि हेसेद आयुष्यभर माझ्या मागे येतील, असे भाषांतरांत सौम्यपणे सांगितले जाते. मूळ शब्द ‘राडाफ’ आहे, म्हणजे पाठलाग करणे. फारोचे सैन्य पळालेल्या गुलामांच्या मागे लागले, तिथे निर्गमात हाच शब्द आहे. ज्याचा आजवर शत्रूने पाठलाग केला, तो म्हणतो की यापुढे माझा पाठलाग भलाई करील. पळून आलेल्या माणसालाच सुचणारी ही कल्पना आहे. तेव्हा हे गीत कळपातल्या समाधानी मेंढराचे नव्हे. सुटून आलेल्या गुलामाची स्मृती त्याच्या शब्दाशब्दांत मुरलेली आहे.

मालकांनाही हे कळत होते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील निग्रो गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापण्यात आले. त्यातून इजिप्तमधल्या सुटकेची कथाच गाळली होती. धर्म द्यायचा, पण त्यातली वाट काढून घ्यायची, ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही.

गुलामांनी या युक्तीवर मात कशी केली, याचा एक दाखला अमेरिकन निग्रो विचारवंत हॉवर्ड थर्मन यांच्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या १९४९ च्या पुस्तकात आहे. थर्मन १९३५-३६ मध्ये एका शिष्टमंडळाबरोबर हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही इथे कसे आलात, असा प्रश्न त्यांना कोलंबोत एका कायदेपंडिताने विचारला. पुस्तक त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. त्यांची आजी गुलामीत जन्मलेली आणि निरक्षर होती. लहानपणी ते तिला बायबल वाचून दाखवीत. ती स्तोत्रे ऐके, यशयाचे भाग ऐके, शुभवर्तमाने पुनःपुन्हा ऐके, पण पौलाची पत्रे, एक अध्याय सोडता, ती वाचू देत नसे. पुढे तिने कारण सांगितले. मालकाचा गोरा पाद्री गुलामांपुढे येई, तेव्हा पौलाच्या पत्रांतला, गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेशच करी. कधी सुटका झालीच तर तो भाग पुन्हा ऐकायचा नाही, असे तिने ठरवले होते.

या आजीला मी समीक्षक म्हणतो. एका अक्षर न येणाऱ्या बाईने धर्मग्रंथाची निवड केली, आणि ती कसोटी कोणत्याही पाठशाळेत शिकवली जात नाही. कोणते वचन मला उभे करते आणि कोणते मला वाकवते, ही तिची कसोटी होती. दलित समीक्षेने मनुस्मृतीला लावलेली कसोटी याहून निराळी नव्हती. आजीने त्याच कसोटीवर स्तोत्रे ठेवून घेतली, हेही लक्षात घेतले पाहिजे.

५

पाचव्या वचनापाशी चित्र पालटते. कुरण संपले, दरी संपली, मेंढरूही संपले. आता एक माणूस पाहुणा म्हणून बसला आहे आणि देव यजमान होऊन त्याच्यासमोर पान मांडतो आहे. यजमान पाहुण्याच्या डोक्याला तेल लावतो. पेला काठोकाठ भरून वाहू लागतो. हे सगळे घडते ते त्याला छळणाऱ्यांच्या देखत. शत्रू पळालेले नाहीत, मेलेले नाहीत, त्यांचे मनपरिवर्तनही झालेले नाही. ते तिथेच उभे आहेत आणि पाहत आहेत. हा माणूस जेवतो आहे.

उपदेशक बहुधा इथे घाईने पुढे जातात. शत्रूंच्या देखत जेवण्यात त्यांना थोडा सूडाचा वास येत असावा. ज्यांना पंगतीतून कधी कोणी उठवले नाही, त्यांना हे वचन अवघड वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याला ते अवघड नाही. आपल्या इतिहासात त्याचा शब्दशः अर्थ लिहिलेला आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळ्यावरून परतल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठवून जमाव मंडपावर चालून आला. तिथे परिषदेसाठी आलेले काही लोक जेवत होते. त्यांना मारहाण झाली आणि अन्न मातीत कालवले गेले. पाणी प्यायल्याचा राग निघाला तो पानावर. नंतर तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

दुसरा दाखला बाबासाहेबांनीच १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दिला आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्याने यात्रेहून परतल्यावर आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना झोडपले. पाहुण्यांना भरल्या पानावरून जीव वाचवून पळावे लागले. त्या गावात कोणी सवर्णांच्या पंगतीत बसायला गेले नव्हते. आपल्या घरी, आपल्या पैशाने, आपल्या माणसांत तूप खाणे एवढाच गुन्हा होता.

या दोन प्रसंगांशेजारी पाचवे वचन ठेवून पाहावे. छळणाऱ्यांच्या देखत पान मांडलेले असणे, कोणी ते न लाथाडणे, डोक्याला तेल असणे, पेला भरून वाहणे. हे स्वर्गातले सुख नाही. इथल्या जमिनीवर नाकारला गेलेला हा माणसाचा साधा हक्क आहे. मेंढरू कुरणात चरते, पान मांडून माणूस जेवतो. स्तोत्र मेंढराने सुरू होते आणि पंगतीला बसलेल्या माणसापाशी पोचते, हीच त्याची गती आहे. मेंढराविषयीच्या आक्षेपाला स्तोत्रापुरते हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्याच परंपरेतल्या एका मोठ्या कवीशी तुलना केल्याशिवाय या वचनाचे वजन कळणार नाही. चोखामेळ्याची भक्ती खोल होती आणि तिच्यात प्रश्नही होते. तरी जोहाराच्या अभंगात चोखोबा देवापुढे उभा राहतो तो भुकेला महार म्हणून, उष्ट्याच्या आशेने. व्यवस्थेने महाराला जी जागा दिली होती, तीच त्याने देवाच्या दारातही मांडली. दोष चोखोबाचा नाही. उष्ट्यापलीकडचे पान त्याच्या काळाने त्याला स्वप्नातही दाखवले नव्हते. विठोबा त्याच्यावर माया करतो, पण पंक्तिभेद मोडून बडव्यांच्या देखत त्याचे पान मांडत नाही. तेविसाव्या स्तोत्रातला देव ते मांडतो. भक्तीच्या दोन कवितांत हा फरक आहे, आणि तो उष्टे व ताजे यांतला फरक आहे.

६

मग हे पान ख्रिस्ती झालेल्या आपल्या माणसांना मिळाले काय? इथे ग्रंथ सोडून व्यवहाराकडे वळावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, धर्मांतरापूर्वी सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून किती सावकाश गेले, हे प्रांजळपणे आले आहे. एका ब्राह्मण बाईने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले, ही मोठी गोष्ट होती. चर्चच्या संस्थेने मात्र सर्वत्र तेवढे केले नाही. तमिळनाडूत काही चर्चमध्ये दलितांना वेगळे बसवले गेले आणि दफनभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. एकाच देवाच्या मेजाभोवती पंक्तिभेद पाळून तेविसावे स्तोत्र म्हणणे यापेक्षा मोठी थट्टा कोणती? १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मचिंतनाची मांडणी केली आणि त्यातून पुढे दलित धर्मचिंतनाचा प्रवाह सुरू झाला, तो या थट्टेला वैतागूनच.

राज्यसंस्थेनेही यात भर घातली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना अनुसूचित जातींतून वगळले. त्यात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. गावाने त्याची जात विसरली नाही आणि कायद्याने मात्र ती विसरली. तो अजून चौथ्या वचनातल्या दरीत आहे. त्याला आपल्या चळवळीने ‘त्यांचे ते पाहतील’ असे म्हणून सोडून देणे हा आपल्याकडचा पंक्तिभेद होईल.

७

आता स्तोत्राच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की त्यात ‘मी’ आहे, ‘आम्ही’ नाही. एकच माणूस, एकच पान. कळपातली इतर मेंढरे कुठे आहेत, पंगतीला शेजारी कोण बसले आहे, हे कळत नाही. गुलामांच्या सामुदायिक सुटकेची भाषा एका माणसाच्या भरवशासाठी वापरली गेली आहे. तिने त्या माणसाला धीर मिळतो, पण महाड एका माणसाने होत नाही. तळ्यावर हजारोंनी चालत जावे लागते.

दुसरी मर्यादा शेवटच्या ओळीची आहे. स्तोत्र संपते ते देवाच्या घरात राहण्याच्या इच्छेपाशी. देवाच्या घराचा आपला अनुभव निराळा आहे. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक त्या देवघराच्या दारावरून कायमचे मागे फिरले. तथागताने अखेरच्या दिवसांत भिक्खूंना स्वतःलाच आपला आधार करण्यास सांगितले. तिथे मेंढपाळ नाही, आणि म्हणून मेंढरूही नाही. या दोन भूमिकांत समन्वय करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. एकात पान दुसरा कोणी मांडतो, दुसरीत आपले पान आपण मांडायचे असते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तळी आणि हॉटेले सर्वांना खुली केली, सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. हे पान माणसांनी माणसांसाठी मांडले आहे, आणि ते लाथाडले जाऊ नये म्हणून पहारा देण्याचे कामही माणसांचेच आहे.

तरीही ज्यांनी नागपूरची वाट धरली नाही, ज्या आयाबायांनी नगरच्या दुष्काळी वस्त्यांत हे स्तोत्र म्हणत मुले जगवली, त्यांच्या विश्वासाला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील बायकांच्या हातून ते छापले गेले आणि १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ते ज्या वाचकांसाठी होते, त्यांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका होत्या. त्यांनी या सहा वचनांतून काय घेतले, याची नोंद कुठल्याही साहित्येतिहासात नाही. दलित साहित्याने वेदनेची नोंद केली, नकाराची केली, विद्रोहाची केली. माणूस रात्र कशाच्या आधारावर काढतो, याची नोंद मात्र त्याने पुरेशी केलेली नाही. विद्रोहाला सकाळ लागते आणि सकाळ होईपर्यंत माणूस जगावा लागतो.

म्हणून सांत्वन म्हटले की ते सरसकट टाकू नये आणि सरसकट पत्करूही नये. थर्मनच्या आजीने केली तशी त्याची पारख करावी. हे सांत्वन देणारा अंधारात सोबत उतरतो काय? त्याच्या हातात सोटा आहे काय? आणि ते ऐकून उठलेला माणूस उष्टे मागायला जातो, की छळणाऱ्यांच्या देखत आपल्या पानावर बसतो? तेविसावे स्तोत्र चर्चच्या बाकावर डोळे मिटून ऐकले तर या तिन्ही प्रश्नांना बगल देता येते. ते महाडच्या मंडपात, मातीत कालवलेल्या अन्नाशेजारी उभे राहून वाचले तर देता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ते तिथे उभे राहून एकदा वाचावे.